गाळ, हायड्रोजन आणि मधली पायरी: छोट्या कारखान्याने संशोधन संस्थेकडे कसं जावं

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. लोटे परशुरामच्या एमआयडीसीत तुमच्या वडिलांनी उभारलेला कारखाना आहे. क्लोरोनायट्रो संयुगापासून तुम्ही क्लोरोॲनिलीन बनवता, म्हणजे त्यातल्या नायट्रो गटाचं अमाइन करता, तेही बीडाची (ओतीव लोखंडाची) भुकटी आणि आम्ल वापरून, जुन्या पद्धतीने. लोखंडाच्या गाळाची विल्हेवाट दरवर्षी महाग होतेय आणि बाहेरचा ग्राहक त्याबद्दल लेखी विचारणा करतोय, म्हणून तुम्हाला लोखंड सोडून हायड्रोजन वायूवर जायचंय. दोन वर्षांपूर्वी एका संस्थेला प्रकल्प दिला. ९६ टक्के यील्डचा (उताऱ्याचा), छान बांधलेला अहवाल हातात आला, पण तुमच्या रिॲक्टरमध्ये तो चालला नाही. आता पुन्हा विद्यापीठाकडे जावं, सरकारी प्रयोगशाळेकडे जावं, की हा नाद सोडून तंत्रज्ञान सरळ विकत घ्यावं, असं तुम्ही विचारता.

नाद सोडू नका. पण मागच्या वेळी गेलात तसं पुन्हा जाऊ नका.

मी अर्धं आयुष्य सरकारी प्रयोगशाळेच्या प्रक्रिया विकास विभागात काढलं आणि उरलेलं कारखान्यांत. दोन्हीकडून एकच प्रकार इतक्या वेळा पाहिलाय की तुमचा अहवाल न वाचताही त्यात काय नसेल हे सांगू शकतो. कच्चा माल कुठल्या लॉटचा होता हे त्यात नसेल. उत्प्रेरक किती वेळा परत वापरला याच्या रकान्यात ‘तीन’ असेल, फार तर ‘चार’. उष्णता किती सुटते याचं मोजमाप नसेल. आणि पाचशे मिलिलिटरच्या पुढचा एकही प्रयोग नसेल.

यात कोणाची लबाडी नाही. प्राध्यापकाने त्याचं काम केलं, तुम्ही पैसे भरून तुमचं केलं. पाचशे मिलिलिटरपासून तीन हजार लिटरपर्यंतची वाट कोणी चालायची हे मात्र करारात कुठेच लिहिलेलं नव्हतं. आपल्याकडे उद्योग, विद्यापीठ आणि सरकार यांच्या सहकार्याबद्दल जितकं बोललं जातं त्यातलं बहुतेक पैशाबद्दल असतं. माझ्या अनुभवात प्रकल्प पैशावाचून जितके अडले त्याहून किती तरी जास्त या मधल्या टप्प्याला धनी नव्हता म्हणून अडले.

तुमच्याच अभिक्रियेवर बोलू, म्हणजे हे हवेत राहणार नाही.

बेशांप या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५४ साली लोखंड आणि आम्लाने नायट्रोचं अमाइन करायची पद्धत दिली. त्यामुळे ॲनिलीन स्वस्त झालं आणि त्या शतकातला कृत्रिम रंगांचा अख्खा उद्योग त्यावर उभा राहिला. पद्धत दणकट आहे. कच्चा माल थोडा मळका असला तरी चालतो, ऑपरेटरच्या हाताला बसते, आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे रेणूवरच्या क्लोरीनला लोखंड धक्का लावत नाही. पण हिशेब बघा. एका मोल नायट्रोला सव्वादोन मोल लोखंड लागतं आणि त्याचं लोह ऑक्साइड होतं. म्हणजे तुमच्या एक किलो क्लोरोॲनिलीनमागे कागदावरच सुमारे १.३६ किलो कोरडा गाळ. प्रत्यक्षात लोखंड जादा टाकावं लागतं, गाळ ओला असतो आणि त्याला अमाइन चिकटलेलं असतं, म्हणूनच तो घातक कचऱ्यात मोडतो. हायड्रोजनने तेच काम केलं तर एक किलो मालामागे पाव किलोच्या थोडं वर पाणी निघतं. तुमचा ग्राहक विचारतोय ते रास्त आहे.

मग सगळे हायड्रोजनवर का गेले नाहीत? कारण लोखंड जे निमूटपणे सोसतं ते हायड्रोजन सोसत नाही.

पहिली गोष्ट उष्णतेची. एका नायट्रो गटाचं अमाइन होताना मोलमागे साधारण साडेपाचशे किलोज्यूल उष्णता सुटते. तुमची ५०० किलो नायट्रोची बॅच धरली तर एकूण उष्णता पाऊण टन उकळत्या पाण्याची पूर्ण वाफ करायला पुरेल इतकी होते. एक लिटरच्या फ्लास्कला बर्फाच्या टबात ठेवलं की ती निघून जाते. तीन हजार लिटरच्या भांड्यात मात्र प्रत्येक लिटरमागे थंड होणारा पृष्ठभाग फ्लास्कच्या सुमारे चौदाव्या हिश्शाइतकाच उरतो. अहवालातलं ‘अभिक्रिया दोन तासांत पूर्ण’ हे वाक्य तुमच्या जॅकेटला, म्हणजे भांड्याभोवतीच्या थंड करणाऱ्या कवचाला, झेपणारच नव्हतं.

दुसरी गोष्ट हायड्रोजन द्रवात उतरण्याची. छोट्या भांड्यात घुसळण जोरात होते, वायू सहज विरघळतो. मोठ्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या बंद भांड्यात, तो वरच्या मोकळ्या जागेत बसून राहतो आणि उत्प्रेरक खाली उपाशी. अशा वेळी अभिक्रिया नुसती मंदावत नाही, मधलं हायड्रॉक्सिलअमाइन साचत जातं. ते साचणं हा या साऱ्या प्रकरणातला सर्वांत घातक भाग आहे, कारण तापमान चढलं तर त्याचं विघटन स्फोटक होऊ शकतं. ‘यील्ड कमी आलं’ म्हणून तुम्ही बॅच थांबवलीत असं लिहिलंय. थांबवलीत हे फार बरं केलंत. तापमान वाढवून ढकलायचा मोह झाला असता तर मला हे उत्तर लिहावंसं वाटलं नसतं.

तिसरी गोष्ट तुमच्या क्लोरीनची. साधा पॅलेडियम किंवा रेनी निकेल उत्प्रेरक नायट्रोबरोबर थोडा क्लोरीनही काढून टाकतो. मालात ॲनिलीनची भेसळ होते आणि सुटलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल भांड्याचं स्टेनलेस स्टील खातं. त्यावर उपाय आहेत. गंधकाने मुद्दाम थोडा बधिर केलेला प्लॅटिनम हा त्यातला माहितीतला मार्ग. पण तुमच्या रेणूवर, तुमच्या कच्च्या मालातल्या अशुद्धीसह, तो किती बॅच टिकतो हे कोणी तरी बसून शोधायला हवं. प्लॅटिनमच्या भावात हा आकडाच तुमचा नफा ठरवतो. तीन वेळा वापरून सोडलेल्या उत्प्रेरकावर कारखाना चालत नाही.

आता बघा, या तीन गोष्टींची तीन घरं वेगवेगळी आहेत. क्लोरीन का निघतो, कुठल्या उत्प्रेरकावर निघत नाही, कुठल्या अशुद्धीने तो मरतो, हे विद्यापीठाचं काम. तिथे पीएचडीचा विद्यार्थी तीन वर्षं एका प्रश्नाला चिकटून राहू शकतो आणि तुम्हाला तसा माणूस पगारावर परवडणार नाही. उष्णता मोजणं, पाच-दहा-पन्नास लिटरच्या दाबाच्या भांड्यात बॅच काढणं, वायू-द्रव संपर्काचे आकडे देणं, यासाठी कॅलरीमीटर (उष्णता मोजणारं यंत्र) आणि पायलटची (मधल्या आकाराच्या चाचणी संयंत्राची) सोय असलेली मोठी संस्था हवी, आणि आपल्याकडे ती बहुधा सरकारी असते. कच्च्या मालाचे लॉट, पाण्याचा प्रकार, परत मिळवलेलं मिथेनॉल, ऑपरेटरच्या शिफ्टा, हे तुमचं. मागच्या वेळी तुम्ही तिन्ही प्रश्न एका प्राध्यापकाकडे दिलेत आणि त्याने स्वाभाविकपणे त्याला येणारा एक सोडवला.

माझ्या हातून हीच चूक उलट बाजूने झाली आहे. सुरुवातीच्या वर्षांत आमच्या गटाने एका कंपनीला प्रक्रिया दिली. आमच्याकडे ९२ टक्के यायचे. त्यांच्याकडे तिसऱ्या बॅचपासून आकडा सत्तरीत उतरला. आम्ही महिनाभर त्यांच्या माणसांना दोष देत होतो. मग त्यांचा एक शिफ्ट केमिस्ट पुण्याला आला. आमच्या टेबलावरची विश्लेषणाच्या दर्जाच्या मिथेनॉलची बाटली त्याने उचलली आणि म्हणाला, ‘साहेब, आमच्याकडे हे सहाव्यांदा उकळून आलेलं असतं.’ परत मिळवलेल्या मिथेनॉलमधलं पाणी आणि अमाइनचा मागमूस, एवढंच कारण होतं. दोन आठवड्यांत उपाय सापडला. पण तोवर कंपनीचा हंगाम गेला होता आणि त्यांनी पुन्हा आमचं दार वाजवलं नाही. तेव्हापासून कारखान्याचं सॉल्व्हंट आणि कारखान्याचाच कच्चा माल टेबलावर आल्याशिवाय मी कुठलाही प्रकल्प सुरू होऊ दिला नाही.

आपल्या इतिहासात जिथे जिथे हे जमलं तिथे मला एक गोष्ट सारखी दिसते. काम एका घरातून दुसऱ्या घरात गेलं ते माणसाच्या पायांनी गेलं.

मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे आपलं माटुंग्याचं यूडीसीटी, आजचं आयसीटी, १९३३ च्या १ ऑक्टोबरला सुरू झाला. सुरुवातीचे विषयच बघा, रासायनिक अभियांत्रिकी आणि वस्त्ररसायन. गिरण्या शहरात होत्या आणि गिरणीला रंगाऱ्यापेक्षा जास्त जाणणारा माणूस हवा होता. पुढे ठाणे-बेलापूर पट्टा उभा राहिला तेव्हा माटुंग्याचा प्राध्यापक सकाळी तास घेऊन दुपारी कारखान्याच्या रिॲक्टरपाशी उभा राहू शकत होता. मनमोहन शर्मांसारख्या शिक्षकांनी सल्लागारीचं काम आणि संशोधन यांत भिंत बांधली नाही. वायू द्रवात कसा आणि किती वेगाने उतरतो हा विषय या संस्थेने जगात नेला, आणि तो विषय तुमच्या ऑटोक्लेव्हमधलाच आहे. वायू स्वतःहून खाली ओढून घेणारे फिरते पंखे, जे वरच्या जागेत साचलेला हायड्रोजन पुन्हा द्रवात आणतात, त्यांवर तिथे ज्येष्ठराज जोशी आणि इतरांनी वर्षानुवर्षं काम केलंय. १९९० साली शर्मा रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय रासायनिक अभियंते. कारखान्याच्या प्रश्नांत हात घातल्याने विज्ञान पातळ होतं असं मानणाऱ्यांना मी नेहमी त्यांचं नाव सांगतो.

पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल, ३ जानेवारी १९५० ला सुरू झाली. तिचे पहिले संचालक मॅकबेन परदेशातून आले. पहिले भारतीय संचालक कृष्णस्वामी वेंकटरामन १९५७ मध्ये आले ते माटुंग्याच्या त्याच विभागातून, आणि त्यांच्यानंतर आलेले बा. द. टिळक हेही त्याच परंपरेतले. रघुनाथ माशेलकर माटुंग्यात शर्मांकडे पीएचडी करून पुढे याच प्रयोगशाळेत आले आणि संचालक झाले. अंजी रेड्डी यूडीसीटीत शिकले, एनसीएलमध्ये पीएचडी केली, आयडीपीएल या सरकारी औषध कंपनीत काम केलं आणि मग १९८४ मध्ये स्वतःची कंपनी काढली. विद्यापीठ, सरकारी प्रयोगशाळा, सरकारी कारखाना, खासगी कारखाना, हा सारा प्रवास एका माणसाने केला. असा माणूस जे ज्ञान सोबत नेतो ते कुठल्याही हस्तांतरणाच्या फायलीत मावत नाही.

१९८० च्या दशकात एनसीएलने सदाफुलीपासून कर्करोगावरची विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही औषधं काढायची प्रक्रिया विकसित केली आणि ती सिप्लाने बाजारात आणली. आपल्या अंगणातली सदाफुली, पण पानांतलं औषध इतकं अत्यल्प की ते वेगळं करणं हेच मोठं काम. त्या कामातले ए. व्ही. रामाराव पुढे हैदराबादच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि एड्सवरच्या एझेडटीची प्रक्रिया पुन्हा सिप्लासाठीच केली. एकदा विश्वास बसला की दुसरा प्रकल्प किती सोपा होतो, बघा. एझेडटीपासून सुरू झालेल्या त्या वाटेवर पुढे २००१ च्या फेब्रुवारीत सिप्लाने तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला. तोवर जगात त्याला दहा हजार डॉलरहून जास्त मोजावे लागत.

यात सरकारचा वाटा काय होता? प्रयोगशाळेचा खर्च होताच, पण त्याहून मोठा वाटा कायद्याचा. १९७० च्या पेटंट कायद्याने, जो १९७२ च्या एप्रिलमध्ये अमलात आला, औषधाच्या रेणूला पेटंट नाकारलं आणि फक्त प्रक्रियेला दिलं. म्हणजे तोच रेणू वेगळ्या वाटेने बनवणाऱ्याला दार उघडं राहिलं आणि ‘वेगळी वाट’ शोधणाऱ्या रसायनतज्ज्ञाला एकदम किंमत आली. २००५ च्या १ जानेवारीपासून उत्पादनाचं पेटंट परत आलं आणि ते युग संपलं. मी हे सांगतो कारण सरकार म्हटलं की आपण अनुदानाचा अर्ज शोधायला लागतो. रसायन उद्योगात सरकारचा सर्वांत जोरदार हात पुष्कळदा नियमाचा असतो. तुम्हाला आज हायड्रोजनकडे ढकलणारी गोष्टही गाळाचा नियमच आहे.

अजून एक उदाहरण देतो, मला ते सर्वांत शिकवण्यासारखं वाटतं. झाइलीन या पेट्रोरसायनाचा एक प्रकार दुसऱ्यात बदलण्यासाठी लागणारा झिओलाइट (सूक्ष्म छिद्रांचा) उत्प्रेरक आपण आयात करायचो. पॉल रत्नसामी यांच्या गटाने एनसीएलमध्ये ‘एन्सिलाइट’ तयार केला आणि १९८० च्या दशकात तो बडोद्याच्या आयपीसीएल या सरकारी पेट्रोरसायन कंपनीत चालला. पण मधे एक तिसरा होता, एसीसी, सिमेंटवाली कंपनी, जी उत्प्रेरक टनांनी बनवायची जबाबदारी घेऊन बसली होती. प्रयोगशाळेत बनणारी पांढरी भुकटी आणि रिॲक्टरमध्ये महिनोन्महिने न फुटता टिकणारी गोळी यांच्यात फार अंतर आहे, आणि ते चालायला एक धनी होता. तुमच्या प्रकल्पात ‘एसीसी’ कोण, हे मला सांगा. उत्प्रेरक कोण पुरवणार, वापरून झालेला प्लॅटिनम परत कोण घेणार, किती टक्के धातू परत मिळेल याची लेखी हमी कोण देणार? तो पुरवठादार पहिल्या बैठकीपासून टेबलाशी हवा.

मधल्या टप्प्याला किती लागतं याचा अंदाज हवा असेल तर अमोनियाकडे बघा. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाबरने १९०९ मध्ये कार्ल्सरूहच्या विद्यापीठात अमोनियाची धार काढून दाखवली. ओपाऊचा कारखाना सुरू झाला १९१३ मध्ये. मधली चार वर्षं आणि त्यांचा सारा खर्च बीएएसएफ कंपनीचा. त्या कंपनीतल्या मिटाशने उत्प्रेरकासाठी हजारो प्रयोग केले, आणि हायड्रोजन पोलादातला कार्बन खाऊन भांडी फोडतो म्हटल्यावर तिथल्याच बॉशने आत मऊ लोखंडाचं अस्तर घातलं. त्या काळातल्या एका बड्या रसायन कंपनीला चार वर्षं लागली. तुमचा प्रश्न त्यामानाने लहान आहे, तरी सहा महिन्यांत होईल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मी दीड ते दोन वर्षं धरीन.

आता कराराकडे येतो, कारण पुढचा घोळ तिथे होतो.

एकच मोठा करार करू नका. पहिला टप्पा छोटा ठेवा, चार-पाच महिन्यांचा, तुमच्याच मालावर, आणि त्याचं उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ इतकंच असू द्या: क्लोरीन अमुक टक्क्यांहून कमी निघणारा उत्प्रेरक आहे का? ‘नाही’ आलं तरी पैसे द्या आणि हसतमुखाने द्या. ‘नाही’ सांगायला घाबरणारा संशोधक तुम्हाला फार महाग पडतो. दुसऱ्या टप्प्यात उत्प्रेरकाचं आयुष्य आणि उष्णतेची मोजमापं. त्यात एक अट लिहून घ्या की उत्प्रेरक किमान पंधरा-वीस वेळा, तुमच्या परत मिळवलेल्या सॉल्व्हंटमध्ये, वापरून दाखवायचा. तिसऱ्यात पायलट. आणि शेवटच्या हप्त्यातला मोठा भाग तुमच्या भांड्यात सलग तीन बॅच ठरलेल्या प्रतीत उतरल्यावरच द्यायचा, पण त्यासाठी त्यांचा माणूस तुमच्याकडे किती दिवस राहील आणि त्याचा खर्च कोण करील हेही आधी लिहायचं. ही शेवटची ओळ नसलेले करार मी डझनांनी पाहिलेत.

हक्कांचं काय? आपल्याकडे सरकारी पैशातून झालेल्या शोधांच्या मालकीचा सर्वांना लागू असा अमेरिकेच्या १९८० च्या बेह-डोल कायद्यासारखा कायदा नाही. २००८ मध्ये तसं विधेयक राज्यसभेत आलं होतं, ते पुढे मागे घेतलं गेलं. त्यामुळे प्रत्येक संस्थेचे नियम आपापले आहेत आणि ते तुम्ही सहीआधी वाचायला हवेत. माझं मत सांगतो. तुमच्यासारख्या कारखान्याने पेटंटच्या मालकीसाठी भांडू नये, तुमच्या रेणूपुरता एकमेव वापराचा परवाना मागावा, ठरावीक वर्षांसाठी. उत्प्रेरकाची सर्वसाधारण कल्पना त्यांना राहू द्या, ते ती दुसऱ्या रेणूंवर नेतील, त्यात तुमचं काही जात नाही. तुमचं खरं गुपित तुमच्या ग्राहकाच्या मागणीपत्रात आणि अशुद्धीच्या यादीत आहे, ते सांभाळा.

आणि विद्यार्थ्याचा विचार करा, हे मी कळकळीने सांगतो. प्रबंध विद्यापीठात दाखल झाला की तो शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, सर्वांना खुला होतो. पेटंटचा अर्ज त्याआधी गेला नसेल तर तो दरवाजा जवळजवळ बंद. दुसरीकडे कंपनीच्या गुप्ततेपायी एखाद्या मुलीचा प्रबंध वर्षभर अडकून पडलेला मी पाहिलाय, आणि ते अन्यायाचं आहे. त्यामुळे करारात तारखेनिशी लिहा: मसुदा तुमच्याकडे आल्यावर इतक्या दिवसांत तुम्ही आक्षेप सांगाल, पेटंटचा अर्ज इतक्या दिवसांत जाईल, त्यापलीकडे प्रबंध अडणार नाही. रेणूचं नाव लपवायचं असेल तर सुरुवातीपासून विद्यार्थ्याला एखादं सोपं, बाजारात मिळणारं क्लोरोनायट्रोबेन्झीन नमुना म्हणून द्या. प्रबंध त्यावर होईल, तुमचा रेणू शेजारी गुपचूप चालेल.

सरकारी पैशाबद्दल थोडंच. पूर्वी कारखान्याच्या मान्यताप्राप्त संशोधन विभागावरच्या खर्चाला आयकरात दुप्पट वजावट मिळायची. २०१७ च्या एप्रिलपासून ती दीडपट झाली आणि २०२० च्या एप्रिलपासून जेवढा खर्च तेवढीच. जुन्या सल्लागाराने दुप्पट सांगितली असेल तर ती विसरा. २०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं, आणि २०२५ च्या जुलैत केंद्रीय मंत्रिमंडळाने खासगी संशोधनासाठी एक लाख कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. ही रक्कम प्रयोगशाळेच्या टेबलावरून पुढे आलेल्या कामासाठी आहे, म्हणजे नेमक्या या मधल्या टप्प्यासाठी, आणि ते पाहून मला फार बरं वाटलं. देश म्हणून आपण संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या पाऊण टक्क्याहूनही कमी खर्च करतो आणि त्यात उद्योगांचा वाटा निम्म्यापेक्षा बराच कमी आहे. तरी एक ऑटोक्लेव्ह बसवणाऱ्या कारखान्याने या मोठ्या योजनांच्या भरवशावर वेळापत्रक आखू नये. मला विचाराल तर लोटे, महाड, तारापूर, कुरकुंभ अशा प्रत्येक वसाहतीत, सामाईक सांडपाणी प्रकल्पासारखंच, दाबाच्या भांड्यांचं आणि कॅलरीमीटरचं एक सामाईक पायलट केंद्र हवं. सांडपाण्यासाठी चार कारखानदार एकत्र येऊ शकतात तर यासाठी का नाही? तुमच्या असोसिएशनमध्ये हा विषय काढा. नायट्रोचं अमाइन करणारे तुम्ही तिथे एकटेच नसाल.

तंत्रज्ञान विकत घेण्याबद्दलही विचारलंत. तयार प्लांट मिळतो, पण तो मोठ्या खपाच्या रेणूसाठी आखलेला असतो. तुमच्या क्लोरीनचा प्रश्न विकणाऱ्याच्या हमीपत्रात बारीक अक्षरांत वगळलेला असेल. घेतलात तरी वरचे पहिले दोन टप्पे चुकत नाहीत.

संस्थेत काम चालू असताना इकडे तुमचीही कामं सुरू व्हायला हवीत, कारण ती सावकाश होतात. ५०० किलोच्या बॅचला साधारण १९ किलो हायड्रोजन लागतो. नेहमीच्या सात घनमीटरच्या सिलिंडरमध्ये मोजलं तर तीस सिलिंडर, एका बॅचला. एवढा साठा आला की पेसो या स्फोटक आणि दाबाच्या वायूंवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचा परवाना, औद्योगिक सुरक्षा संचालनालयाची मंजुरी, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात बदल, उघड्या बाजूंची वेगळी इमारत, हे सगळं आलं. कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यात हायड्रोजन उपउत्पादन म्हणून निघतो, तर वाहतुकीच्या टप्प्यात असा पुरवठादार आहे का हे आत्ताच चौकशी करून ठेवा. प्रक्रिया तयार आणि परवाना नाही म्हणून वर्ष गेलेले कारखाने मला माहीत आहेत.

पुढच्या आठवड्यात एवढं करा. तुमच्या नायट्रो कच्च्या मालाच्या शेवटच्या तीन-चार लॉटचे अर्धा-अर्धा किलो नमुने काचेच्या बाटल्यांत भरून तारीख टाकून ठेवा, आणि ज्या लॉटने त्रास दिला होता तो त्यात नक्की असू द्या. परत मिळवलेलं मिथेनॉल पाच लिटर. जुन्या पद्धतीच्या दहा बॅचच्या लॉगशीटच्या प्रती. मागचा ९६ टक्क्यांचा अहवालही घ्या आणि तो नव्या संस्थेला दाखवताना जुन्या प्राध्यापकांना कळवा, त्यांना सोबत यायचं असेल तर घ्या. त्यांची तीन महिन्यांची मेहनत त्यात आहे आणि त्यांनी न लिहिलेल्या अपयशी प्रयोगांत तुमची निम्मी उत्तरं असतील.

आणि पहिल्या बैठकीला रिॲक्टरवरच्या तुमच्या सर्वांत जुन्या ऑपरेटरला घेऊन जा. त्याला कोपऱ्यातल्या खुर्चीत न बसवता संशोधकाच्या शेजारी बसवा, आणि बॅच बिघडणार हे त्याला सर्वांत आधी कशावरून कळतं, वासावरून, रंगावरून की स्टररच्या मोटरच्या आवाजावरून, एवढं त्याला विचारा. त्याचं उत्तर संशोधकाला त्याच्या वहीत लिहून घेऊ द्या.